सासऱ्यांची चार इंची तोफ

डोळ्यांच्या डॉक्टरांकडून बाहेर पडलो तेव्हा माझ्या एका हातात थेंबांची चिठ्ठी होती आणि दुसऱ्या हातात सासऱ्यांचा दंड. रामदासपेठेत गाडी लावायला जागा मिळत नाही, म्हणून ती लांब ठेवली होती. फुटपाथवरच्या खड्ड्यांची मी आगाऊ सूचना देत होते आणि ते "दिसते मले" म्हणत प्रत्येक खड्ड्यात पाय घालत होते.

काचबिंदू. उजवा डोळा आधीच गेलेला. डाव्यानं नळीतून पाहावं तसं मधलं तेवढं दिसायचं, तेही सकाळच्या उजेडात. डॉक्टर गोलमोल बोलले नाहीत, ते मला आवडलं. दसरा झाला की ऑपरेशन करू. डोळ्यातला दाब उतरला तर उरलेली नजर टिकेल. पण नजर इतकी थोडी उरलेली असली की कधीकधी ऑपरेशननंतर तीही जाते. नाही केलं तर हळूहळू जाणारच आहे.

हे ऐकायला मी एकटी होते. नवरा बुटीबोरीला कंपनीत, त्याची रजा संपलेली. माझे भासरे, म्हणजे नवऱ्याचे थोरले भाऊ, दवाखान्यापासून दोन गल्ल्या पलीकडे राहतात. त्यांची मीटिंग होती.

गाडी सिग्नलला थांबली तेव्हा सासरे म्हणाले, "ती तोफ एकदा पाहाची होती."

"कोणती तोफ, बाबा?"

"माझी."

सासरे नौदलात तोफची होते. इंग्रजांकडून घेतलेलं जुनं जहाज, आणि त्याच्यावर दुसऱ्या महायुद्धातली चार इंची तोफ. चार इंच म्हणजे नळीच्या तोंडाची रुंदी, तोफ स्वतः माणसाच्या दुपटीहून लांब. ऐन उमेदीची वर्षं त्यांनी त्या तोफेमागे उभं राहून काढली. मग जहाज म्हातारं झालं, ते भंगारात निघालं, त्याच्याबरोबर तोफही. सासरे नागपूरला परतले आणि एका बँकेत सुरक्षा अधिकारी झाले. इथे समुद्र कुणी पाहिलेला नाही. आमच्या गल्लीतले एक काका अजून विचारतात, "नेव्हीत म्हणजे बोटीवर सैपाकाले होते का गा तुम्ही?" सासरे त्यांच्याशी बोलत नाहीत.

"ती तर वितळवली असेल," मी म्हटलं.

"हो. पातेले बनले असतील तिचे."

सिग्नल सुटला. मी गिअर टाकला आणि म्हटलं, "मग आपण बनवू. लहान. पण चालणारी."

ते हसले. "तोफ आहे वं ती. पोळपाट नाही."

"पोळपाट सुतार बनवतो, बाबा. मी टर्नर आहे."

मी आयटीआयमध्ये टर्नरच्या ट्रेडला शिकवते. लेथवर लोखंड कसं कापायचं, माप कसं राखायचं, हे शिकवण्यात माझी सगळी नोकरी गेली. लग्न ठरलं तेव्हा याच सासऱ्यांनी माझ्या वडिलांना विचारलं होतं, "लेथवर काम करते म्हंता, मग हाताले मेहंदी रंगते का तिच्या?" सगळे हसले होते. माझे वडीलही हसले होते. मी ते विसरलेली नाही, आणि विसरायचा प्रयत्नही केलेला नाही.

तर हे मी प्रेमापोटी केलं असं कुणी समजू नये. आयटीआयमध्ये मुली जे काही बनवतात त्याला जॉब म्हणतात. पायऱ्यांचा दांडा, तिरकी खाच, आटे. परीक्षा होते, परीक्षक मापून गुण देतो आणि जॉब भंगारच्या पेटीत जातो. माझ्या हातून झालेलं एकही काम अखंड, चालतं, कुठे उभं नाही. मला एक पूर्ण वस्तू करायची होती. आणि ती पाहून बरोबर की चूक हे सांगू शकेल असा माणूस माझ्याच घरात, माझ्याच हातचं जेवत होता. त्याची नजर जाण्याआधी त्यानं ती पाहायला हवी होती. दसऱ्यापर्यंत मुदत. एवढं साधं गणित होतं.

मी फ्रिजच्या दारावर यादी लावली. कामं, सामान, कोणतं आधी, कोणतं नंतर. नवऱ्यानं ती वाचली आणि विचारलं, "याच्यात माझं नाव कुठी आहे?"

"नाही."

"बरं झालं," तो म्हणाला आणि दूध काढून फ्रिज लावला.

नकाशे नव्हते. सासऱ्यांना कागदावरची रेघ दिसत नव्हती, म्हणून मी मागच्या व्हरांड्यातली फरशी धुऊन दिली आणि त्यांच्या हातात खडू दिला. गुडघ्यांवर बसून त्यांनी तोफ काढली. एकेक रेघ हातानं चाचपत. मी मागून टेप घेऊन मापं उतरवत गेले. पण फरशीवरचं चित्र चपटं, उंची कशी कळणार? मग त्यांनी स्वतःचं शरीर वापरलं. ब्रीच, म्हणजे तोफेचं मागचं दार जिथून गोळा आत जातो, ते इथे, छातीशी. नळी वरखाली करायचं चाक बेंबीपाशी. पाय ठेवायची पट्टी घोट्याच्या वर. मी टेप त्यांच्या छातीला लावला, पोटाला लावला, घोट्याला लावला. कंपाउंडच्या भिंतीवरून शेजारच्या काकू पाहत होत्या.

"सूनबाई, सासऱ्याले नवा कोट शिवून राहिली का?"

"तोफ शिवून राहिली," सासरे ओरडले. त्या वर्षातलं त्यांचं ते एकमेव चांगलं वाक्य असावं.

मापं दहानं भागली. नळी साधारण हातभर आली. नळीला मी आरपार छिद्र पाडलं नाही, तोंडापाशी थोडं आणि मागे काडतुसापुरतं कोरलं तेवढंच. दारूवर चालणारी वस्तू घरात करायची नसते, हे मी मुलींना शिकवते. आमची तोफ चालणार म्हणजे गोळा टाकणार नाही. पण बाकी सगळं करणार. चाक फिरवलं की नळी वर होणार. खटक्याची दोरी ओढली की आत दाबून ठेवलेली स्प्रिंग सुटणार, नळी झटक्यात मागे येणार, खालच्या छोट्या सिलिंडरमधलं तेल तिला धरणार, आणि मग ती सावकाश पुढे जाणार. पुढे जाता जाता ब्रीचचं दार आपोआप खाली पडणार आणि रिकामं पितळी काडतूस बाहेर पडणार. हे मागे येणं म्हणजे रिकॉइल. सासऱ्यांच्या मते तोफेचा सगळा जीव त्यात.

"बाकी कोणीही करते. नळी कशी मागे येते आणि कशी पुढे जाते, त्याच्यावर तोफ समजते. घाईनं पुढे गेली तर दातं पाडते मागच्याचे. रेंगाळली तर पुढचा गोळा उशिरा."

"किती मागे येते?"

त्यांनी दोन्ही हात पसरून दाखवलं. मी मापलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा दाखवायला सांगितलं, तर माप वेगळं. तिसऱ्यांदा आणखी वेगळं.

"बाबा, यातलं कोणतं?"

"तू बनव. मी पाहीन तेव्हा सांगीन. पाहिल्याबरोबर सांगीन."

मी तिन्ही मापांमधलं मधलं धरलं. मॉडेलमध्ये ते जेमतेम दोन बोटं रुंद येतं. आणि कामाला लागले.

बंद पडलेल्या एका वर्कशॉपमधून आणलेला लहान लेथ व्हरांड्यातच होता. सकाळी डबे भरून झाले की अर्धा तास, आयटीआयमधून आल्यावर दिवा लावायच्या आधी एक तास, रविवारी पूर्ण. सासरे खुर्ची घेऊन बसायचे. लेथच्या आवाजावरून सांगायचे, "हत्यार बोथट झालं तुझं." बहुतेक वेळा झालेलं असायचं. चहा ठेवायला मी दोनदा उठले तर म्हणायचे, "अशी उठत राहिली तर लढाई हरशील." चहा मात्र प्यायचे.

सिलिंडर आणि त्यातला दट्ट्या हे सगळ्यात कठीण निघालं. दोघांमध्ये केसाएवढी फट हवी. जास्त ठेवली तर तेल पळतं आणि नळी आपटते, कमी ठेवली तर अडकते. मी तो दट्ट्या किती वेळा केला ते सांगत नाही. जो बसला तो बसला. ज्या दिवशी नळी पहिल्यांदा मागे येऊन हलकेच पुढे गेली आणि काडतूस फरशीवर वाजलं, त्या दिवशी मी धावत आत गेले.

"बाबा, चला, पाहा."

"रंग दिला?"

"नाही अजून."

"मग कायले पाहू? अर्धवट तोफ मी पाहत नाही. जहाजावरसुद्धा तयार झाल्याशिवाय अधिकारी येत नसे पाहाले."

मी वाद घातला नाही. रंग यादीत होताच. राखाडी रंगाचे हात दिले. फक्त ज्या पट्ट्यांवरून नळी सरकते त्या आणि सिलिंडरचा दांडा उघडा ठेवला, त्यांच्यावर तेलाचा पातळ थर. रंग सुकून घट्ट व्हायला जितके दिवस लागतात तितके धरले तर नवमीची सकाळ येत होती. दसऱ्याच्या संध्याकाळी दवाखान्यात भरती. म्हणजे एक दिवस हातात राखून होता. माझ्या दृष्टीनं भरपूर.

आता आमच्या घराची एक रीत सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. आमच्याकडे भासरे धाकट्या भावाच्या बायकोशी थेट बोलत नाहीत. तीही त्यांच्याशी बोलत नाही. याला मान म्हणतात. बाकीच्या घरांतून ही पद्धत कधीच गेली. भासऱ्यांना ती आवडते म्हणून आमच्याकडे राहिली. एकाच खोलीत आम्ही दोघं असलो तरी ते माझ्या नवऱ्याला म्हणतात, "तिले सांग, मीठ कमी आहे." मी नवऱ्याला म्हणते, "त्यांना सांगा, समोर ठेवलंय." मध्ये नवरा. त्याच्यातून जाताना प्रत्येक निरोपाचा कोपरा घासला जातो.

नवमीच्या सकाळी आठ वाजता भासरे आणि जाऊबाई दारात उभे. हातात झेंडूच्या माळा, नारळ, पूजेचं ताट. नवऱ्यानं फोनवर तोफेचं सांगितलं होतं. भासऱ्यांनी ठरवलं होतं की यंदा शस्त्रपूजा इथेच करायची. दरवर्षी ते स्वतःच्या कारची आणि कॉम्प्युटरची करतात. वर्षातून तीनदा ते वडिलांना भेटायला येतात, त्यातली ही एक वेळ.

सासरे न्हाऊन, पांढरा सदरा घालून व्हरांड्यातल्या खुर्चीवर बसले होते. पूर्वेचं ऊन अजून फरशीवर होतं. हाच तो वेळ, यातच त्यांना दिसायचं. मी तोफ पाटावर ठेवून त्यांच्यासमोर आणली होती, फक्त वरचं फडकं काढायचं बाकी.

मी स्वयंपाकघराच्या दारातून नवऱ्याला म्हटलं, "त्यांना सांगा, आधी बाबांना एकदा चालवून पाहू द्या. मग पूजा."

नवऱ्यानं सांगितलं. व्हरांड्यातून उत्तर आलं, "पूजेच्या आधी? तिले सांग, आधी देवाचं."

"मग त्यांना सांगा, पूजा झाल्याबरोबर."

"पूजा झाल्यावर शस्त्र हलवत असतात का? उद्या उत्तरपूजा झाली की. इतकं तर माहीत पाहिजे."

हे खरंच आहे. नवमीला पुजलेलं हत्यार दसऱ्याच्या उत्तरपूजेपर्यंत हलवत नाहीत. आयटीआयमध्येही आम्ही त्या दिवशी लेथ चालवत नाही. मी सासऱ्यांकडे पाहिलं. तोफ त्यांची, डोळा त्यांचा. ते एक शब्द बोलले असते तर थोरल्याची टाप नव्हती.

"उद्या पाहू," सासरे म्हणाले. "थोरला आलाय. त्याच्या मनासारखं होऊ दे."

मी धाकट्याच्या घरात त्यांना सांभाळते, खड्डे दाखवते, थेंब घालते. पण थोरला आलाय. बरं.

मी शेवटचा निरोप दिला, आणि तो नीट, एकेक मुद्दा सुटा करून दिला, जसा मुलींना देते. "त्यांना सांगा, हळदीकुंकू पाटाला लावा. फुलं पाटावर. तोफेवर पाणी नको, अक्षता नकोत. सरकत्या पट्ट्यांमध्ये एक दाणा गेला तरी ती अडकेल. आणि दांड्याला गंज चढेल."

"सांगतो," नवरा म्हणाला आणि व्हरांड्यात गेला. मी कान देऊन उभी होते.

"दादा," तो म्हणाला, "ते जरा बेतानं करजा."

"बेतानंच करून राहिलो ना गा."

एवढंच. माझ्या सगळ्या मुद्द्यांचं हे झालं.

मग भासऱ्यांनी तोफेला ओल्या हळदीकुंकवाची बोटं ओढली. नळीला, ब्रीचला, चाकाला. नारळ फोडला आणि त्याचं पाणी तिच्यावर शिंपडलं, मूठभर अक्षता टाकल्या. जाऊबाई म्हणाल्या, "अजून टाका ना, शस्त्राले कंजूषी करत असतात का?" अजून टाकल्या. सासऱ्यांनी हात जोडले होते. मी नवऱ्याकडे पाहिलं. तो आरती म्हणत होता.

त्या दिवशी मी पट्ट्या पुसायला गेले तर नवरा म्हणाला, "राहू दे ना वं, दादाले समजलं तर उगाच. उद्या सकाळी पाहू." जाऊबाई मुक्कामाला होत्या.

दसऱ्याला सकाळी उत्तरपूजा झाली. उत्तरपूजेलाही अक्षता लागतात. त्या पडल्या, आणि भासरे म्हणाले, "तिले सांग, बाबा वाट पाहून राहिले. लवकर कर." मी फडक्यानं जे वरून पुसता आलं ते पुसलं, तेल सोडलं, स्प्रिंग दाबून खटका लावला. सासऱ्यांनी खुर्ची पुढे ओढली. मान तिरकी करून त्यांनी त्या उरलेल्या नजरेत तोफ बसवली. मी त्यांचा चेहरा पाहत होते. मला दिसलं की त्यांना ती दिसली. ओठ हलले त्यांचे. मी दोरी त्यांच्या हातात दिली.

त्यांनी ओढली. नळी अर्ध्यावर आली आणि थांबली. ब्रीचचं दार हललं नाही. काडतूस आतच.

"मिसफायर!" सासरे ओरडले. मी तो आवाज आधी कधी ऐकला नव्हता. "कोणी जवळ जाऊ नका! मागे व्हा!"

खऱ्या तोफेचा बार उडाला नाही तर तिला लगेच हात लावत नाहीत. आतली दारू उशिरा पेटू शकते. ठरलेला वेळ सगळे दूर थांबतात, मगच ब्रीच उघडतात. सासऱ्यांनी हात वर धरला आणि तो वेळ मोजायला सुरुवात केली. आम्ही सगळे भिंतीला लागून उभे. भासरे, जाऊबाई, नवरा, मी, आणि सोनं द्यायला आलेल्या शेजारच्या काकू, हातात आपट्याची पानं.

"बाबा, खेळण्यातली तोफ हाये," भासरे म्हणाले.

"चूप. नियम हाये."

काकूंनी कुजबुजत विचारलं, "आतमधी बारूद आहे का वं?" मी नाही म्हणून मान हलवली. कुणी हललं नाही. ऊन फरशीवरून सरकलं, पायरीवर गेलं, पायरीवरून खाली उतरलं. मी ते जाताना पाहत होते. मी त्यांचा हात धरून खाली घ्यायला हवा होता म्हणे. माणूस आयुष्यभर ज्या नियमानं जिवंत राहिला तो त्याला मोडायला कसा सांगायचा, ते हे सांगणाऱ्यांनी मला शिकवावं.

"आता पाहा," त्यांनी हात खाली घेतला.

मी ब्रीच उघडलं. पट्टीत हळदीनं पिवळा झालेला, चुरडलेला तांदळाचा दाणा होता. दांड्यावर गंजाची तांबडी साय. मी दाणा तळहातावर घेऊन त्यांच्यासमोर धरला.

"अक्षता अडकल्या, बाबा."

त्यांनी मान इकडे केली, तिकडे केली. "दिसून नाही राहिलं आता. उजेड गेला." मग म्हणाले, "स्प्रिंग कमजोर पडली तुझी."

"स्प्रिंग नाही. हा दाणा आहे."

भासरे माझ्या नवऱ्याला म्हणाले, "तिले सांग, आपलं काम चुकलं तर पूजेले दोष नको देऊ म्हणा."

नवऱ्यानं मला सांगितलं नाही. गरज नव्हती, मी दोन हातांच्या अंतरावर उभी होते.

सगळे सोनं वाटायला बाहेर गेले तेव्हा मी तोफ खोलली. रॉकेलमध्ये भाग टाकले. दांड्याबरोबर आत ओढल्या गेलेल्या चुऱ्यानं दट्ट्यावर आणि सिलिंडरच्या आत ओरखडा काढला होता. नवा दट्ट्या करायला हवा होता, आणि ते काम दुपारभरात होणारं नव्हतं. संध्याकाळी दवाखान्याची पिशवी भरून मी सासऱ्यांना गाडीत बसवलं. ते खुशीत होते.

"राहू दे वं," ते म्हणाले. "डोळा नीट झाला की पाहू. मग मी सांगतो तुले, काय चुकलं ते."

ऑपरेशन झालं. पट्टी सोडायच्या दिवशी डॉक्टरांनी खोलीतला मोठा दिवा लावला आणि टॉर्च त्यांच्या डोळ्यासमोर धरला.

"लाईट गेली का?" सासऱ्यांनी विचारलं.

डॉक्टर त्यांच्या खांद्यावर हात ठेवून बाहेर गेले. भासऱ्यांनी त्या दिवशी सुट्टी घेतली होती. ते खिडकीकडे तोंड करून रडले. मला त्यांचं काही वाटलं नाही, हे इथे लिहून ठेवते.

पुढे पुष्कळांनी मला शहाणपण शिकवलं. तू थेटच बोलायचं होतंस. नवऱ्याला कशाला मध्ये घातलंस? असं म्हणणाऱ्यांमध्ये माझ्या सख्ख्या नणंदा आहेत, ज्यांनी मी एकदा भासऱ्यांना फोनवर "बाबा झोपलेत" एवढं थेट सांगितलं होतं तेव्हा महिनाभर माझ्या माहेरच्या वळणाची चर्चा केली होती. नवरा म्हणतो, "मी सांगितलं होतं ना दादाले, बेतानं कर म्हणून." तो खरंच असं मानतो. त्याच्या डोक्यात त्यानं सगळा निरोप पोचवलेला आहे.

दिवाळीच्या आधी मी नवा दट्ट्या केला. सिलिंडर आतून घासून साफ केला. तोफ पहिल्यापेक्षा चांगली चालायला लागली. त्याच सुमारास भासरे फराळ घेऊन आले, सोफ्यावर बसले आणि नवऱ्याला म्हणाले, "तिले सांग, तोफ माझ्याकडे पाठवा म्हणा. काचेच्या पेटीत ठेवतो हॉलमध्ये. बाबाची आठवण राहील. इथं व्हरांड्यात धूळ खाऊन राहिली."

बाबा तिथेच बसले होते, जिवंत, चकली खात.

"ती जाणार नाही," मी म्हटलं. भासऱ्यांकडे पाहून. "आणि ती आठवण नाही. ती चालते."

भासरे भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहत राहिले. मग ते भावाला म्हणाले, "निघतो गा." आजतागायत आमच्यात समोरासमोर एवढंच बोलणं झालं आहे. उशीर झाला होता, मला माहीत आहे. पण ते करून टाकलं.

ते गेल्यावर मी सासऱ्यांना व्हरांड्यात नेलं. तोफ पुढे ठेवली आणि त्यांचे हात तिच्यावर. ते चाचपत गेले. चाक, ब्रीच, नळीच्या तोंडापर्यंत. बोटं कुठेही अडखळली नाहीत. मी मनात म्हटलं, आता तरी. मी स्प्रिंग लावली आणि एका हातात दोरी दिली. दुसरा हात त्यांनी आपणहून नळीवर हलकासा टेकवला.

ओढली. नळी मागे आली, थांबली, सावकाश पुढे गेली. दार पडलं. काडतूस वाजत फरशीवर घरंगळलं.

ते म्हणाले, "पुन्हा."

पुन्हा केलं.

"कमी येते," ते म्हणाले.

"काय कमी येते?"

"रिकॉइल. कमी हाये. तोफ इतकी कमी नाही येत मागे."

"तुम्ही हातांनी दाखवलं होतं, त्याच मापाची आहे, बाबा. मी आत्ता मोजून दाखवते."

"माप काय सांगते मले? मी पाहिली हाये ती तोफ."

"आणि ही नाही पाहिली," मी म्हटलं.

ते तोंडातून निघून गेलं. मी ते परत घेतलं नाही. त्यांनी नळीवरचा हात काढला, मांडीवर ठेवला आणि अंगणाकडे तोंड करून बसले. काडतूस कुठे गेलं ते मी शोधलं, पुसलं, जागेवर ठेवलं.

आठवड्याभरानं मी स्प्रिंग बदलून नळी थोडी जास्त मागे येईल असं केलं. त्यांना न सांगता दोरी हातात दिली. "आता जास्त येते," ते म्हणाले. मी पुन्हा पहिल्यासारखं केलं. "हां, पहिले असं होतं. हे कमी हाये." मग मी हात लावणं थांबवलं.

तोफ व्हरांड्यात आहे. रविवारी मी तिला तेल देते, पट्ट्या पुसते. सासरे कधीकधी माझ्या पाठीमागे येऊन दोरी ओढतात, आणि काही न बोलता आत जातात. आयटीआयमधल्या मुली परवा घरी आल्या होत्या. त्यांनी विचारलं, "मॅडम, चालते का ही?" मी चालवून दाखवली. त्यांनी टाळ्या वाजवल्या. त्यातल्या एकीनं, बारीक नजरेच्या, विचारलं, "खरी तोफ अशीच मागे येते का, मॅडम?"

मी म्हटलं, मला माहीत नाही.